युरोने शंभरी गाठली म्हणून बॅग भरताय? जर्मनी, नोकरी आणि आपले गैरसमज

इसारतीर

युरो शंभर रुपयांच्या वर गेल्यापासून माझ्या फोनवर एकाच साच्याचे मेसेज येताहेत. "दादा, साठ हजारांची ऑफर आहे. म्हणजे वर्षाला साठ लाख ना?" गुणाकार बरोबर आहे, पण त्यावरून काढलेले निष्कर्ष बहुतेक चुकीचे असतात. प्रत्येकाला वेगळं टाईप करण्यापेक्षा इथे एकदाच लिहून ठेवतो, पुढच्यांना लिंक देता येईल. मी म्युनिकचा, आयटीतला. नर्सिंग किंवा आखाती देश यातलं मला कळत नाही, जाणकारांनी भर घालावी. आकडे २०२५चे आहेत.

आधी पगार. वर्षाचे ६०,००० म्हणजे महिन्याला ५,०००. माणूस एकटा असेल तर हातात येतात साधारण ३,१०० ते ३,२००. मधले अठराशे बघून लोक म्हणतात, "बाप रे, केवढा कर!" यातला निम्म्याहून जास्त भाग कर नाहीच. पेन्शन, आरोग्य विमा, बेकारी विमा आणि म्हातारपणी लागणाऱ्या शुश्रूषेचा विमा, असे चार हप्ते असतात आणि तेवढेच जवळपास मालकही भरतो. आजारी पडलात तर सहा आठवडे पूर्ण पगार मिळतो, त्यानंतर विमा कंपनी पैसे देते. न कमावणारा जोडीदार आणि मुलं त्याच विम्यात, जादा हप्ता नाही. पेन्शनचे पाच वर्षं हप्ते भरले की निवृत्तीच्या वयात जर्मन पेन्शनचा हक्क लागतो, मग तुम्ही तेव्हा सांगलीत असलात तरी चालतं. त्याआधीच कायमचे परतलात तर दोन वर्षं थांबून आपला स्वतःचा हिस्सा परत मागता येतो. ही माहिती बऱ्याच जणांना नसते आणि ते पैसे तसेच सोडून देतात.

आता घरभाडं. जाहिरातीत दोन आकडे असतात, 'काल्ट' आणि 'वार्म'. काल्ट म्हणजे नुसत्या भिंतींचं भाडं. हीटिंग, पाणी, जिन्याची सफाई, कचरा हे मिळवून वार्म होतं. वीज आणि इंटरनेट बहुधा त्यातही नसतं. अनामत रक्कम कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांचं काल्ट भाडं. शिवाय घर 'रिकामं' म्हणजे किती रिकामं, याची आपल्याला कल्पना नसते. दार उघडलं की छताला तीन वायरी लोंबताना दिसतात. दिवे नाहीत, होल्डरसुद्धा नाहीत. स्वयंपाकघराच्या जागी भिंतीतून आलेला नळाचा पाइप आणि शेगडीच्या जोडणीची एक पेटी. ओटा, सिंक, कपाटं आधीचा भाडेकरू उचलून घेऊन गेलेला असतो, नाहीतर ते तुम्ही त्याच्याकडून विकत घ्यावेत म्हणून तो दोन हजार युरो मागत असतो. पहिल्या महिन्यात अनामत, ओटा, गाद्या आणि हिवाळी जाकिटं एवढं एकदम अंगावर येतं. त्यामुळे पगाराचा आकडा बाजूला ठेवा, येताना हातात किती रोख असेल ते बघा.

आणखी एक. तिथला अनुभव इथे जसाच्या तसा धरत नाहीत. पुण्यात पंधरा जणांची टीम सांभाळणारा इथे सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर स्वतः कोड लिहीत बसतो आणि त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर त्याला घरी पाठवता येतं. नोकरी गेली की व्हिसाचं घड्याळ सुरू होतं, हे वेगळंच.

"जर्मनीत सगळं घड्याळाच्या काट्यावर" याबद्दल मी काही बोलत नाही. गाडी सहा मिनिटांच्या आत आली तर ती वेळेवर धरतात, आणि तरीही २०२४मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर होत्या. आकडा रेल्वेचाच आहे.

चौथीसीट

शेवटचा परिच्छेद वाचून डोंबिवलीकराला गहिवरून आलं.

नेमक्या वेळी धागा काढलात. मला श्टुटगार्टची ऑफर आहे, ५८,०००. जावा, बारा वर्षांचा अनुभव. बायको बँकेत, मुलगी पहिलीत. सासरे म्हणतात जा, बाबा म्हणतात विचार कर. एकाच्या पगारात तिघांचं भागेल का? ऑफिसचं काम इंग्रजीत आहे, मग जर्मन शिकणं खरंच एवढं गरजेचं आहे का? आणि दिवाळीला दोन आठवडे घरी येता येईल ना? सुट्ट्या ३० आहेत म्हणे.

इसारतीर

@चौथीसीट, ५८,०००चे महिन्याला ४,८३३. तुम्ही एकटे आलात तर हातात ३,०५०च्या आसपास. बायको आली, दोघांची पत्त्याची नोंदणी झाली, विवाहितांचा कमी कर कापणारा करवर्ग लागला की ३,४००च्या आसपास, आणि मुलीचा सरकारी भत्ता, तो २०२५मध्ये महिना २५५ होता. श्टुटगार्टात तिघांना राहण्यासारखं घर वार्म १,५००च्या खाली मिळालं तर नशीब समजा. भागेल. आरामात नाही, पण भागेल. घरी पैसे पाठवण्याचा किंवा डोंबिवलीच्या फ्लॅटचा हप्ता इथून फेडायचा विचार असेल तर पहिलं वर्ष सोडून द्या.

सुट्ट्या ३० आहेत आणि त्या घेतल्या म्हणून कोणी तोंड वाकडं करत नाही. बॉसला अपराधी चेहऱ्याने विचारायची सवय जायलाच वेळ लागतो. अडचण मुलीची आहे. इथे शाळा सक्तीची, दिवाळीला सुट्टी नाही, आणि "आजीची तब्येत" म्हणून दोन आठवडे गायब करता येत नाही. आमच्या बव्हेरिया राज्यात तर सुट्टी लागायच्या आदल्या दिवसांत विमानतळावर शाळकरी मुलं घेऊन निघालेल्यांची चौकशी होते, पालकांना दंड लागू शकतो. दिवाळीचा एखादा दिवस धार्मिक सणासाठी मागून बघा, शाळा सहसा देते. बाकी भारतवारी ऑगस्टात. तिकीट महाग, बाहेर पाऊस.

भाषेचं उत्तर दुसऱ्या कोणीतरी द्यावं, मी दिलं की भांडण होतं.

भाकरवडी

मी देते. होऊ दे भांडण.

"ऑफिस इंग्रजीत आहे" हे वाक्य नवरे बोलतात. ऑफिसात जर्मन लागत नाही हे खरं आहे, पण ऑफिसच्या बाहेर सगळं जर्मनच असतं आणि ऑफिसच्या बाहेर बायको असते. घरमालकाचं पत्र, शाळेची पालकसभा, डॉक्टरची रिसेप्शनिस्ट, विमा कंपनीचा फोन. पोरीला ताप आला म्हणून मी मुलांच्या दवाखान्यात फोन केला, तिकडून जर्मनमध्ये एक वाक्य आलं आणि फोन बंद. नवरा मीटिंगमध्ये. तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं की डॉक्टरांची वेळ संपल्यावर ११६११७ हा नंबर असतो आणि जिवावरचं असेल तरच ११२. लिहून फ्रिजवर चिकटवून ठेवा.

दुसरा गैरसमज, "बायकोला तिथे लगेच नोकरी लागेल". ब्लू कार्ड म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदाराचा परवाना, तो असलेल्याच्या जोडीदाराला काम करायची पूर्ण मुभा असते, व्हिसासाठी आधी जर्मनची परीक्षाही द्यावी लागत नाही. कागदावर सगळं छान आहे. पण बँक, शाळा, एचआर, अकाउंट्स, जिथे जिथे माणसांशी किंवा कायद्याशी संबंध येतो तिथे चांगलं जर्मन लागतं. माझ्या ओळखीत एमकॉम, सीए इंटर, शिक्षिका अशा बायका आहेत ज्या तीन-तीन वर्षं क्लास एके क्लास करताहेत. घरात हुशार म्हणून वाढलेल्या बाईने बेकरीत बोटाने पाव दाखवायचा, हे सोपं नसतं हो. @चौथीसीट, वहिनींना बँकेचा राजीनामा द्यायला लावू नका. बिनपगारी रजा मिळते का ते आधी बघा.

आणि हो, भांडी, केर-लादी, पोळ्या यांना मावशी नाहीत. हे सगळ्यांना माहीत असतं, पण कामाची वाटणी करायची हे फार थोड्या घरांत ठरलेलं असतं.

ढकलगाडी

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

कडुलिंब

नर्सिंगबद्दल मी लिहिते. २०२४मध्ये महाराष्ट्र सरकार आणि जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याचा कुशल मनुष्यबळाचा करार झाल्यापासून आमच्या नगरकडे प्रत्येक गल्लीत जर्मन क्लासची पाटी लागलीय. करार चांगला आहे, मी त्याच राज्यात काम करते, माणसांची गरजही खरी आहे. पण मुलींना अर्धीच गोष्ट सांगितली जाते.

आपली जीएनएम (नर्सिंगची पदविका) किंवा बीएस्सी नर्सिंग इथे आपोआप चालत नाही. कागद तपासले जातात, कमी पडलेले विषय लिहून येतात, मग काही महिन्यांचा अनुकूलन कोर्स किंवा ज्ञानचाचणी. ते पार पडेपर्यंत तुम्ही मदतनीस म्हणून काम करता आणि पगारही मदतनीसाचा. पूर्ण मान्यतेसाठी बहुतेक ठिकाणी बी-२ पातळीचं, म्हणजे ए-१ ते सी-२ या सहा पातळ्यांतलं चौथ्या पातळीचं, जर्मन लागतं. 'सहा महिन्यांत बी-२' अशी जाहिरात दिसली तर ती बी-२ परीक्षेपुरती असते. रात्रपाळीत ऐंशी वर्षांचे आजोबा इथल्या श्वाबी बोलीत काहीतरी पुटपुटतात तेव्हा तिचा उपयोग होत नाही.

खरा धक्का मात्र कामाचा बसतो. आपल्याकडे नर्स इंजेक्शन देते, सलाइन लावते, डॉक्टरांसोबत राउंड घेते. रुग्णाला आंघोळ घालणं, भरवणं, डायपर बदलणं हे नातेवाईक किंवा मावशी करतात. इथे नातेवाईक वॉर्डात राहत नाहीत आणि ते सगळं काम नर्सचंच, तोच या पेशाचा गाभा मानतात. उलट शिरेत सुई घालण्याचं काम बऱ्याच रुग्णालयांत डॉक्टर करतात. माझ्यासोबत आलेली एक मुलगी, आयसीयूत काम केलेली, पहिल्या आठवड्यात रोज रडायची. "यासाठी शिकले का मी?" आता ती वॉर्डातली सगळ्यात भरवशाची नर्स आहे, पण तो आठवडा तिला आधी कोणीतरी सांगायला हवा होता.

एजंटने नर्सकडून लाखभर रुपये मागितले तर दुसरा रस्ता बघा. अनेक ठिकाणी भरतीचा आणि भाषेचा खर्च इथली संस्था उचलते. करारात मात्र "मधेच सोडलंत तर एवढे युरो परत" असं कलम असतं, ते सही करण्याआधी भाषांतर करून वाचा.

ढकलगाडी

पॉपकॉर्न बाजूला ठेवले. उत्तम प्रतिसाद, कडुलिंब.

वडापाव_विद्यापीठ

मी लातूरचा, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला. जर्मनीत एमएस फुकट आणि पार्टटाइममध्ये खर्च निघतो, हे तरी खरं आहे ना?

इसारतीर

अर्धं. बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही. पण बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७पासून सत्राला १,५०० युरो आहेत आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४च्या हिवाळी सत्रापासून नव्या परदेशी मास्टर्सवाल्यांना सत्राला ४,००० ते ६,००० लावलेत. तिथले जुने व्हिडिओ बघून निर्णय घेऊ नकोस. राहण्याखाण्याचे वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक खात्यात (ज्यातून महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते) आधीच दाखवावे लागतात, म्हणजे बारा लाखांच्या आसपास. कामाला परवानगी वर्षात १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस. किमान वेतन २०२५मध्ये तासाला १२.८२ होतं. गणित करून बघितलंस तर दिसेल की दर महिन्याचा खर्च बऱ्यापैकी निघू शकतो, पण ते काम मिळेपर्यंत सत्र निघून जातं आणि परीक्षेच्या महिन्यात गोदामात पेट्या उचलता येत नाहीत. घरून एक वर्ष पुरेल एवढी तयारी हवी. कर्ज काढलंस तर हप्ता पार्टटाइमवर फिटेल असं समजू नकोस. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, त्यात भाषा येणारा मुलगा पुढे जातो. मेकॅनिकलला तर फारच.

रापण

तुमचा सगळा धागा युरोवर चाललाय. आमच्या रत्नागिरी-राजापुराकडे परदेश म्हणजे दुबई, कतार, मस्कत. पिढ्या गेल्या तिकडे. मी शारजात इलेक्ट्रिकल फोरमन आहे. आमच्याकडे गैरसमज वेगळे.

पहिला, "टॅक्स नाही म्हणजे सगळा पगार आपला". टॅक्स नाय हे खरं, पण पेन्शनही नाय. निघताना मिळते ती ग्रॅच्युइटी, आणि ती बेसिक पगारावर. पहिली पाच वर्षं, वर्षाला २१ दिवसांचा बेसिक. आता कंपन्या काय करतात बघा. पगार २,००० दिरहम सांगतात, करारात बेसिक ९०० आणि बाकी भत्ते. म्हणजे वर्षाचे ६३०, पाच वर्षांचे ३,१५०. तोच बेसिक २,००० असता तर ७,००० मिळाले असते. सही करताना पोरं टोटल बघतात. मी प्रत्येकाला सांगतो, बेसिक बघ रे, बेसिक.

दुसरा, "व्हिजिट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर लागतं काहीतरी". व्हिजिटवर काम करणं बेकायदा आहे. पकडला गेलास तर दंड, हद्दपारी, आणि पगार बुडवला तर तक्रार कुणाकडे करणार? कागदावर तू पर्यटक. दहावी न झालेल्याचा पासपोर्ट ईसीआर असतो, त्याला आखाती देशात कामाला जाताना सरकारची मंजुरी लागते. लोकांना ती कटकट वाटते. पण तीच तुझी ढाल. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर एजंट नोंदलेला आहे का ते घरबसल्या बघता येतं. नोंदलेल्या एजंटला ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाय. आमच्या बाजूच्या वाडीतल्या पोराने मुंबईच्या एका ऑफिसात दीड लाख मोजले, आईच्या पाटल्या गहाण टाकून. पावती मागितली तर "विश्वास नाही का?" म्हणाला तो. पावती नाय म्हणजे समजून जा.

सोबत प्रवासी भारतीय बीमा योजना घ्यावी. दोन वर्षांचे २७५ रुपये, अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला दहा लाख. चहाच्या पैशात होतं, तरी काही पोरं त्यातही कंजूषी करतात.

पासपोर्ट कंपनीने ठेवून घेणं हेसुद्धा इथे बेकायदा आहे, "पद्धतच आहे" असं कोणी म्हणालं तरी.

भाकरवडी

@रापण, यावर वेगळा धागा काढा. इथे हरवून जाईल.

ऑफलाईन_आजोबा

नाशिक. मुलगा फ्रँकफर्टला. शेजारीपाजारी विचारतात, "तुम्ही कधी जाताय कायमचे?" त्यांना वाटतं मुलगा स्थिरावला की आईवडील आपोआप जातात. आम्ही दोघं व्हिजिटर व्हिसावर जातो, १८० दिवसांत ९० दिवस, संपले की परत. मध्यंतरी व्हॉट्सॲपवर फिरत होतं की जर्मनीने आईवडिलांना दारं उघडली. कोणी खुलासा करेल का?

इसारतीर

काका, बातमी खोटी नाही, अपुरी आहे. १ मार्च २०२४ किंवा त्यानंतर पहिल्यांदा कुशल कामगाराचं परमिट मिळालेल्यांना आईवडिलांसाठी अर्ज करता येतो. तुमचा मुलगा आधीपासून तिथे असेल तर तो त्यात बसत नाही. आणि जे बसतात ते आरोग्य विम्यापाशी अडतात. साठी ओलांडलेल्या नवख्या माणसाला सरकारी विमा घेत नाही, खासगी घेतला तर हप्ता डोळे पांढरे करणारा.

सातबारा

आता माझा आवडता विषय. जून २०२४मध्ये जर्मनीने दुहेरी नागरिकत्व मान्य केलं तेव्हा इथल्या ग्रुपांवर पेढे वाटले गेले. अहो, जर्मनीने मान्य केलं, भारताने नाही. जर्मन पासपोर्ट घेतला की भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो. मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड. ओसीआयवर मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलांकडून वारशाने आलेली ठेवता येते, शेजारचा बांध विकत घेता येत नाही. गावी परतून आमराई घेण्याची स्वप्नं बघणाऱ्यांनी पासपोर्टआधी हे वाचावं.

आणि एनआरई खात्याचं (परदेशातली कमाई भारतात ठेवायचं खातं) व्याज 'टॅक्स फ्री' आहे ना? आहे, भारतात. जर्मनीत राहणाऱ्याला जगभरातलं उत्पन्न दाखवावं लागतं. माणशी १,००० युरोपर्यंतचं भांडवली उत्पन्न माफ, त्यापुढच्या रकमेवर २५ टक्के कर अधिक अधिभार. "त्यांना कसं कळणार?" असं विचारणाऱ्यांसाठी: दोन्ही देश बँक खात्यांची माहिती एकमेकांना आपोआप पाठवतात. परदेशी गेल्यावर भारतातलं साधं बचत खातं तसंच चालवणं हेही नियमाला धरून नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं, करून घ्यायचं असतं. बँकेतला माणूस स्वतःहून कधीच सांगत नाही.

ढकलगाडी

म्हणजे थोडक्यात, जाऊच नये?

सातबारा

असं कोण म्हणालं? मी इथेच आहे, मजेत आहे. संध्याकाळी पाच वाजता लॅपटॉप बंद करतो आणि कोणी फोन करत नाही. पोरगी एकटी ट्रामने शाळेत जाते. त्याची किंमत मला माहीत आहे म्हणून टिकलोय. फक्त लग्नात विचारलं की सगळे "तिकडे काय, मस्त!" म्हणतात ना, त्याचा राग येतो. सांगणाऱ्याने अर्धंच सांगायचं आणि ऐकणाऱ्याने तेवढ्यावर कर्ज काढायचं.

चौथीसीट

सगळ्यांचे आभार. दोन दिवस घरात हाच विषय होता. कंपनीला लिहिलं: पगार वाढवत नसाल तर सुरुवातीला राहण्याची सोय करा. दोन महिने फर्निश्ड फ्लॅट द्यायला तयार झाले. मी फेब्रुवारीत एकटा जातोय, बायको-मुलगी शाळेचं वर्ष संपल्यावर. बायकोने रजेचा अर्ज केलाय आणि आम्ही दोघांनी जर्मनचा ऑनलाइन क्लास लावलाय. ती माझ्यापुढे आहे, हे सांगायला नको. आता कागदांचं काही राहिलं असेल तर सांगा.

इसारतीर

क्लास बी-१पर्यंत न्या, अर्ध्यावर सोडू नका. ब्लू कार्डवर बी-१ असेल तर २१ महिन्यांत कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येतो, ए-१वर २७ महिने लागतात. विवाहाचा दाखला नोंदणी कार्यालयाचा हवा, मंगल कार्यालयाची पावती चालत नाही. हसू नका, एकाने ती आणली होती. ड्रायव्हिंग लायसन्स आणा, पण ते सहा महिनेच चालतं, नंतर लेखी आणि गाडीची परीक्षा पहिल्यापासून. दोन-तीन हजार युरो सहज जातात.

भाकरवडी

मुलीचं लसीकरणाचं कार्ड मूळ प्रत आणा. मार्च २०२०पासून गोवराच्या दोन डोसांचा पुरावा शाळा मागते, आणि आपल्याकडच्या कार्डावर डॉक्टरांचं अक्षर कोणालाच लागत नाही. निघण्याआधी तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून तारखांसह टाईप केलेलं पत्र घ्या, सही-शिक्क्यासकट. दोन डोस झालेत ना, ते आजच बघून घ्या.

चौथीसीट

बघितलं. एकाच डोसची नोंद दिसतेय, दुसरा झालाय असं आई म्हणते. उद्या दवाखान्यात जाऊन रजिस्टर बघतो.